समाज कोण बदलतं? सहावी ते आठवीच्या वर्गातला एक अवघड धडा

जोतिराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे महाराष्ट्रातल्या सातवी-आठवीच्या बहुतेक मुलांना पाठ असतं. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये आरक्षण दिलं, धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह केला, हेही येतं. नाव, साल, कार्य. रिकाम्या जागा भरायला आणि जोड्या लावायला हे पुरतं. पण याच मुलांना विचारा, की शाळा १८४८ मध्ये निघाली तर १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊच साक्षर कशा निघाल्या? वर्ग गप्प होतो. सामाजिक परिवर्तनाचा अभ्यास खरं तर या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा सनावळीपाशीच संपतो.

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना माणसांच्या गोष्टी आवडतात आणि त्यात गैर काही नाही. एक धाडसी माणूस आला, त्याने वाईट चाल मोडली, लोकांनी त्याचं ऐकलं, असा बदल त्यांच्या डोळ्यांपुढे सहज उभा राहतो. याच वयात आणखी एक शक्ती जागी होत असते. एका घटनेला चार कारणं असू शकतात आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात, हे कळायला लागतं. गणिताच्या आणि विज्ञानाच्या तासाला आपण ती शक्ती वापरून घेतो. इतिहास-नागरिकशास्त्राच्या तासाला मात्र पुन्हा थोर पुरुषांची यादीच हातात देतो.

परिवर्तनाचे प्रकार सांगायला फार वेळ लागत नाही. काही बदल सावकाश होतात, काही एका झटक्यात. काही कोणीतरी ठरवून घडवतं, काही कोणीच न ठरवता घडतात. काही समाजाला पुढे नेतात, काही मागे. व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या तर मुलं त्या पाठ करतील आणि परीक्षा झाली की विसरतील. आधी एखादी घटना पुरती उलगडावी आणि मग हिला कुठल्या खणात ठेवाल, असं विचारावं. बहुतेक घटना एका खणात मावत नाहीत, हे मुलांच्या लवकरच लक्षात येतं. त्यावरून वर्गात जो वाद होतो, त्यात मुलं व्याख्येपेक्षा कितीतरी जास्त शिकतात.

अशी उलगडायला महाडइतकी चांगली घटना दुसरी नाही. पाठ्यपुस्तकात ती साधारणपणे एका दिवसाची असते: २० मार्च १९२७, चवदार तळं, ओंजळभर पाणी. पण गोष्ट चार वर्षं आधी सुरू झाली होती. सी. के. बोल्यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर बदल झाला होता. तळ्यावर मात्र काहीच बदललं नाही. तिथे जाऊन पाणी भरण्याची कुणाची हिंमत होणार होती?

मग १९२७ मध्ये ती हिंमत कुठून आली? या प्रश्नाला एक अख्खा तास द्यावा. महाडच्या आसपासच्या गावांत लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर राहत होते. जवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यापैकीच एक. फौजेतली नोकरी संपल्यावर त्यांनी १८८०-९० च्या काळातच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली होती. कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत कामाला गेली होती. गावच्या बलुत्याखेरीज दुसरीकडेही पोट भरता येतं, हे त्यांनी पाहिलं होतं. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखा तरुण स्थानिक कार्यकर्ता महाडला अस्पृश्यांची परिषद भरवण्यासाठी खटपट करत होता. सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखी सवर्ण माणसंही सोबत होती. आणि परदेशातून शिकून आलेला, कायदा जाणणारा नेता होता. लष्कर, गिरणी, शिक्षण, कायदा, संघटना आणि नेतृत्व. यातली एक गोष्ट काढून टाकली तर २० मार्च झाला असता का? मुलांना हे हवं तसं मांडून, खोडून, पुन्हा मांडून पाहू द्यावं.

गोष्ट तिथेही थांबत नाही आणि पुढचा भाग मुलांना सर्वांत जास्त हलवतो. पाणी प्यायल्यावर अफवा पसरली, परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा कोर्टात गेला आणि तो मुंबई हायकोर्टात निकाली निघायला १९३७ साल उजाडलं. निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. १९२३ ते १९३७ ही चौदा वर्षं म्हणजे वर्गात बसलेल्या मुलाचं जवळजवळ सगळं आयुष्य. कायदा होतो, लोक अडवतात, लोक लढतात, कायदा पुन्हा तपासला जातो. बदलाची ही ये-जा एकदा कळली, की पुढच्या प्रत्येक घटनेत मुलं ती आपणहून शोधू लागतात.

विधवांच्या प्रश्नातही हीच ये-जा दिसते. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. सदतीस वर्षांनी कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा कायद्याने त्यात काहीच चूक नव्हती. तरीही त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. आता मे २०२२ मध्ये या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं या प्रथा बंद करायच्या. करोनात घरोघरी तरुण मृत्यू झाले होते, त्याची जखम ओली होती. राज्य सरकारने लगेच परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. एका गावाने १८९३ मध्ये बहिष्कार घातला, दुसऱ्या गावाने २०२२ मध्ये ठराव केला, आणि दोन्ही ठिकाणी गाव म्हणूनच निर्णय झाला. मधल्या काळात नक्की काय काय घडलं, याची यादी करायला आठवीच्या मुलांना सांगा. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने केलेला, २०१७ मध्ये लागू झालेला कायदाही त्यांना सापडेल. ठराव झाला म्हणजे प्रत्येक घरातली प्रथा थांबली का, हा प्रश्नही कुणीतरी विचारेल. विचारायलाच हवा.

पैशाची, कामाची आणि आपत्तीची कारणं आपल्या पुस्तकांत मागे पडतात. १९७२ चा दुष्काळ शेतीच्या किंवा हवामानाच्या धड्यात भेटतो. पण वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळातच राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेत बाईला पुरुषाइतकाच दर होता. पाझर तलावाच्या, बंडिंगच्या, रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या हजारो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची मजुरी पडली. हा बदल कुणा सुधारकाच्या भाषणाने झाला नाही. मुंबईतल्या गिरण्यांचा संप दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, आणि लालबाग-परळ पुन्हा पूर्वीचं झालं नाही. सातारा-रत्नागिरीच्या गावांत येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. मुलांच्या आजोबांपैकी कुणीतरी त्या वर्षी गावी परतलेलं असतं.

बदल म्हणजे प्रगती, हे समीकरण मुलांच्या मनात फार घट्ट बसलेलं असतं. ते मोडायला हवं, आणि त्यासाठी महाराष्ट्राचे एक-दोन आकडे पुरेसे आहेत. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात त्या २०११ मध्ये ८०७ वर आल्या. याच वीस वर्षांत मुलींचं शिक्षण वाढत होतं, रस्ते होत होते, दवाखाने वाढत होते. आणि सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचत होतं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं, तेही १९८८ मध्येच. यंत्र लवकर पसरतं, मुलगा हवा ही इच्छा जुनीच राहते आणि कायदा दोघांच्या मागे धावतो. विल्यम ऑगबर्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये हेच मांडलं होतं: साधनं पुढे जातात, माणसांच्या रीती मागे रेंगाळतात. आठवीच्या मुलांशी हे बोलावं का, असं काही शिक्षक विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. बोलावं, शांतपणे, आकडे समोर ठेवून बोलावं. वर्गात बसलेल्या मुली ही गोष्ट आपल्याही आधी ओळखून असतात.

असं शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेले आहेत. मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ संस्थेने १९८० च्या दशकात सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्राची पुस्तकं तयार केली. त्यांत गावातली माणसं, शेतं, बाजार, मजुरी यांच्यातून संकल्पना उभ्या केल्या होत्या. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलांच्या अनुभवालाच शिकण्याचा पाया मानलं. हे काम मोठं होतं, पण सरकारी शाळांच्या रोजच्या तासापर्यंत त्यातलं थोडंच झिरपलं. दर आठवड्याला दोन-तीन तासिका मिळणाऱ्या शिक्षकाकडे तेवढा अवधी नसतो, हेही खरं.

पण साधनं शाळेतच असतात. जुन्या शाळेच्या कपाटातलं जनरल रजिस्टर हा परिवर्तनाचा सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज आहे. नावं झाकून पन्नासच्या, सत्तरच्या आणि नव्वदच्या दशकातली पानं मुलांसमोर ठेवली तर मुलींची संख्या, पालकांचा व्यवसाय आणि शाळा सोडण्याचं कारण हे तीन रकानेच बरंच काही सांगतात. त्याच्या जोडीला घरी आजीची मुलाखत. लग्न कितव्या वर्षी झालं, पाणी कुठून आणायचात, शाळा कुठल्या इयत्तेत सुटली, पहिली मजुरी कुणाच्या हातात पडली, असे चार प्रश्न पुरतात. इथे शिक्षकाने फार जपायला हवं. कुणालाही उभं करून घराची जात, कर्ज, दारू किंवा आईवडिलांचं भांडण यांविषयी बोलायला लावू नये. माहिती वर्गाची म्हणून एकत्र यावी, एकेका मुलाची म्हणून नव्हे. ही काळजी घेतली नाही, तर सामाजिक न्यायाचा धडा शिकवतानाच आपण एखाद्या मुलाला सगळ्यांसमोर उघडं पाडतो.

या वयाच्या मुलांना या विषयात फक्त ऐकणारं समजू नये, यालाही आधार आहे. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती साधारण चौदा वर्षांची होती. आपल्या समाजावर झालेला अन्याय, त्याची कारणं आणि त्यातून सुटायला काय हवं, हे तिने स्वतः मांडलं. आपल्या आठवीच्या वर्गातली मुलगी तिच्याच वयाची आहे.

आणि मुलांच्या नावांवरूनही धडा सुरू करता येतो. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केला. ही मुलं सहावीत यायला अजून बराच वेळ आहे. पण आज शिकणाऱ्यांच्या धाकट्या भावंडांच्या दाखल्यावर हा बदल दिसायला लागला आहे. तो कुणी मागितला, सरकारने का मानला, घरात त्यावर काय बोलणं झालं, हे प्रश्न वर्गातच विचारता येतात. घटक चाचणीतला प्रश्नही मग वेगळा असू शकतो. ‘महाड सत्याग्रह कोणी व केव्हा केला?’ याऐवजी ‘महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केलं आणि १९२७ मध्ये ठराव मागे घेतला. असं का झालं असेल? तीन कारणं लिहा आणि त्यांतलं कुठलं तुला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांग.’ गुण चार. उत्तर तपासायला शिक्षकाला वेळ लागेल, आणि तो वेळ शाळेने त्याला द्यायला हवा.