बंपरला चरा पडला? आधी नख फिरवा, मग खिशात हात घाला

बुलढाणा : पांदण रस्त्यावर समोरून कापसाची ट्रॉली आली की आपली गाडी कडेला घ्यावी लागते, आणि कडेला बाभूळ उभीच असते. शेगावला गुरुवारच्या गर्दीत पार्किंगमध्ये कोणाची तरी मोटारसायकल घासून जाते. समृद्धीवर मेहकर-सिंदखेड राजा पट्ट्यात पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून थेट समोर बसतो. गाडी नवी असो की जुनी, पहिला मार बंपरच खातो.

आता गावागावात चारचाकी आली आहे. बरेच जण सेकंडहँड घेतात आणि चार-पाच वर्षांनी विकून दुसरी घेतात. विकताना समोरचा माणूस आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो. बंपरवर चरे दिसले की भाव पाडायला त्याला कारण सापडतं. म्हणून हे काम घरी कितपत जमतं, काय सामान लागतं आणि कुठं हात थांबवायचा, ते नीट पाहू.

बंपर पत्र्याचा नसतो, हे आधी लक्षात घ्या

आजच्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा असतो. बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक वापरतात. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, बंपर गंजत नाही. दरवाजाचा किंवा बॉनेटचा रंग उडून पत्रा उघडा पडला तर पावसाळ्यात गंज धरतो, तिथं उशीर करू नये. बंपरचा चरा मात्र सहा महिने तसाच राहिला तरी बंपर सडत नाही. त्यामुळं घाईनं कोणाच्याही हातात गाडी देऊ नका.

दुसरी, बंपर लवचीक असतो, थोडा दबून परत येतो. पत्र्यावर भरायची कडक पुट्टी त्यावर भरली तर पहिल्याच धक्क्यात तडकते. बंपरसाठी प्लास्टिकची वेगळी लवचीक पुट्टी आणि वेगळा प्रायमर मिळतो. दुकानात सामान मागताना 'प्लास्टिक बंपरसाठी' असं स्पष्ट सांगा.

प्लास्टिकवर तीन थर असतात. खाली प्रायमर, मध्ये रंग आणि वर पारदर्शक लॅकर. तिन्ही मिळून जाडी जवळपास वहीच्या कागदाएवढीच भरते. घासताना हे सतत डोक्यात ठेवा. जास्त घासलं की लॅकर संपून रंग हाताला येतो.

नखाची परीक्षा

आधी बंपर साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुवा. मातीवरच फडकं फिरवलं तर मातीतले कण नवीन चरे पाडतात. धुतल्यावर ओल्या चऱ्याकडं पाहा, मग कोरडा करून त्यावर आडवं नख फिरवा.

- पाणी लागल्यावर चरा दिसेनासा होतो आणि नख अडकत नाही : चरा लॅकरमध्येच आहे. घरी निघतो.
- नख अडकतं, पण खाली गाडीचाच रंग दिसतो : चरा खोल आहे. पूर्ण जात नाही, पण बराच कमी दिसतो.
- चऱ्यात काळं किंवा करडं दिसतं : रंग उडाला, प्लास्टिक किंवा प्रायमर उघडा पडला. पुन्हा रंग द्यावाच लागेल.
- दुसऱ्याच रंगाचा पट्टा दिसतो : पुष्कळदा समोरच्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग आपल्या बंपरवर बसलेला असतो. दिसायला भयंकर, पण काढायला सगळ्यात सोपा.

लॅकरमधला चरा आणि बसलेला रंग

यासाठी रबिंग कंपाउंड, पॉलिश आणि दोन मऊ मायक्रोफायबर फडकी एवढंच लागतं. गाडी सावलीत लावा, बंपर थंड होऊ द्या. फडक्यावर सुपारीएवढं कंपाउंड घ्या आणि एक वीत जागेवर बेताच्या जोरानं घासा. दर अर्ध्या मिनिटानं पुसून पाहा. फडक्यावर गाडीचा रंग उतरायला लागला की लगेच थांबा, याचा अर्थ लॅकर संपलं. चरा गेला की दुसऱ्या फडक्यानं पॉलिश करा.

बंपरच्या कडा आणि कोपऱ्यांवर थर पातळ असतो, तिथं हात हलका ठेवा. डांबराचे ठिपके असतील तर फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा आणि लगेच साबणानं धुऊन टाका.

खड्याचे टिपके

महामार्गावर पडलेल्या बारीक टिपक्यांसाठी आख्खा बंपर रंगवायची गरज नाही. टचअप रंगाची छोटी बाटली किंवा पेन पुरतं. गाडीचा रंग 'पांढरा' एवढं सांगून भागत नाही, कारण प्रत्येक कंपनीचे पांढरे वेगळे. रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. सापडला नाही तर चेसिस नंबरवरून शोरूमला कळतो. कोडचा फोटो काढून दुकानात दाखवा. टिपका स्वच्छ करून आगपेटीच्या काडीच्या टोकानं एक थेंब टेकवा, वाळू द्या, गरज पडली तर पुन्हा एक. वरून लॅकरचा थेंब द्या.

रंग उडाला असेल तर

हे काम निवांत एक दिवसाचं आहे. तळहाताएवढ्या जागेपर्यंतच घरी करा.

१. जागा साबणानं धुऊन कोरडी करा. मेण किंवा तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या.

२. आजूबाजूला टेप आणि जुनी वर्तमानपत्रं लावा. नंबर प्लेट, दिवे आणि पार्किंग सेन्सर झाका. १ जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले आहेत. त्यांच्यावर रंगाचा जाड थर बसला तर ते नीट काम करत नाहीत.

३. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, आधी ४०० नंबर, मग ६००. चऱ्याच्या कडा इतक्या सपाट व्हायला हव्यात की नख अडकायला नको.

४. खोल खाच राहिली असेल तर लवचीक पुट्टीचा पातळ हात द्या, वाळल्यावर परत ६०० नं घासा.

५. उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमर मारा. ही पायरी सोडली की रंग खपलीसारखा सुटतो, आणि सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी मारलं की पहिल्यांदा तोच निघतो.

६. रंगाचा डबा दोन-तीन मिनिटं हलवा. २० ते २५ सेंटीमीटर अंतरावरून हात सरकता ठेवून तीन-चार पातळ थर द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. एकाच वेळी जाड मारला तर ओघळ येतात. आधी पुठ्ठ्यावर मारून रंग जुळतो का ते पाहा.

७. वरून लॅकरचे दोन-तीन थर द्या. आठवडाभर गाडी धुऊ नका. त्यानंतर कंपाउंडनं हलका हात फिरवला की जुना-नवा रंग बराच मिसळतो.

साधा पांढरा किंवा लाल रंग घरी बऱ्यापैकी जुळतो. सिल्व्हर, मेटॅलिक आणि पर्ल रंगात बारीक चमकी असते, हात थोडा बदलला तरी छटा बदलते. अशी गाडी असेल तर टचअपवर भागवा किंवा पेंटरकडं जा.

आपल्या हवेत कधी करायचं?

एप्रिल-मे महिन्यात घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगावकडं पारा चाळिशीच्या पार जातो. तेव्हा रंगाचे कण बंपरवर पोचायच्या आतच वाळतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पावसाळ्यात दमट हवेमुळं लॅकर पांढुरकं पडतं. सोयाबीनची मळणी चालू असेल तेव्हा तर नावच घेऊ नका, भुस्कटाचा कण न् कण ओल्या रंगावर बसतो. दिवाळीनंतर मळणी आटोपली की सकाळी ऊन थोडं चढल्यावर, सावलीत आणि वारा नसताना काम उरकावं.

स्प्रेचा डबा चूल, बिडी, वेल्डिंग यांच्यापासून लांब ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, तो फुटू शकतो. गोठ्याजवळ मारू नका. हार्डनर मिसळून मारायचं लॅकर घरी वापरू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं आणि तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही.

दबलेला बंपर आणि तडा

बंपर नुसता आत दबला असेल, तडा नसेल, तर कडकडीत पाणी ओता आणि हातमोजे घालून आतून ढकला. आकार परत आला की लगेच थंड पाणी ओता. तडा असेल, क्लिप तुटल्या असतील किंवा बंपर लोंबत असेल तर प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडंच न्या.

हे उपाय नकोत

टूथपेस्टनं घासलं तर बारीक चरे थोडे कमी होतात, पण चमक जाऊन डाग दिसतो. खोबरेल तेलानं चरा भरल्यासारखा वाटतो, एक धुणं झालं की परत दिसतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर लॅकरच विरघळवतात.

चरे नकोत म्हणून लोखंडी गार्ड बसवणारेही आहेत. असे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. धक्का बंपरनं सोसायचा असतो. गार्ड तो थेट चेसिसवर नेतो आणि एअरबॅग उघडण्याच्या वेळेतही गडबड होऊ शकते.

विम्यातून करावं का?

आधी वहीवर गणित मांडा. क्लेम न केल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर दरवर्षी सूट वाढते : २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. एक क्लेम केला की सूट शून्यावर येते.

समजा हा प्रीमियम ६ हजार आहे आणि यंदा ४५ टक्के सूट मिळणार होती. क्लेम केला तर २ हजार ७०० रुपये गेले. पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्केच मिळणार, म्हणजे आणखी १ हजार ८०० गेले. दोन वर्षांत साडेचार हजार. शिवाय झिरो डेप्रिसिएशन पॉलिसी नसेल तर प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात आणि सक्तीची वजावट वेगळी. साध्या चऱ्यासाठी क्लेम बहुधा परवडत नाही. बंपर फुटला, सोबत दिवे आणि रेडिएटर गेला, तर मात्र क्लेमच करावा.

थोडक्यात, नख अडकत नसेल तर कंपाउंड, टिपका असेल तर टचअप, तळहाताएवढा रंग उडाला असेल तर स्प्रे, आणि त्यापुढं पेंटर. पेंटरकडं गेलात तरी दोन गोष्टी विचारा : प्लास्टिक प्रायमर मारणार का, आणि पुट्टी बंपरची आहे की पत्र्याची? दोन्हींचं सरळ उत्तर मिळालं तरच गाडी तिथं सोडा.