परदेशातलं उतारवय (लेखांक ५) : कौन्सिलच्या घराचा अर्ज

इंग्लंडमधलं शेल्टर्ड हाउसिंग म्हणजे वृद्धाश्रम नव्हे, हे मागच्या लेखांकात पाहिलं. स्वतंत्र फ्लॅट, स्वतःचं स्वयंपाकघर, दाराची किल्ली आपल्या हातात. अडचण आली की भिंतीवरची दोरी ओढायची, चोवीस तास कुणीतरी उत्तर देतं. अंघोळ घालणारं किंवा जेवू घालणारं माणूस मात्र तिथे नसतं.

पहिलं काम म्हणजे कौन्सिलच्या हाउसिंग रजिस्टरवर नाव घालणं. वयाची अट बहुतेक ठिकाणी ५५ किंवा ६०. त्या भागात काही वर्षांचा रहिवास किंवा जवळचा नातेवाईकही बहुधा लागतो. नियम कौन्सिलगणिक बदलतात, म्हणून शेजारच्या कौन्सिलच्या हद्दीतल्या ओळखीच्यांचं ऐकून आशा किंवा अर्ज सोडू नये.

भारतातून मुलांकडे कायमचं राहायला आलेल्या आईवडिलांसाठी एक मोठी अडचण आहे. डिपेंडंट व्हिसासाठी मुलाने किंवा मुलीने त्यांच्या सांभाळाची ५ वर्षांची लेखी हमी दिलेली असते. ती मुदत सरेपर्यंत हे घर मिळत नाही. हमी देणाराच हयात नसेल, तर गोष्ट वेगळी.

आता अर्जातला सर्वांत महत्त्वाचा भाग : तब्येतीची माहिती. १९९६च्या हाउसिंग अ‍ॅक्टनुसार, आजारपण किंवा अपंगत्वामुळे ज्यांना घर बदलणं गरजेचं आहे त्यांना प्राधान्य द्यावं लागतं. आणि नेमकं इथेच आपली माणसं ‘तसं बरं चाललंय’ असं लिहून मोकळी होतात. कुरकुर करायची नाही, ही आयुष्यभराची सवय. कृपा करून ती या कागदापुरती बाजूला ठेवा. जिन्यात किती वेळा थांबावं लागतं, बाथटबमध्ये पाय टाकताना कुणाला धरावं लागतं, शेवटचं कधी पडलात, मुलगी कुठून आणि किती वेळा धावत येते, हे सगळं लिहा. चांगल्या दिवसाचं नको, वाईट दिवसाचं लिहा. यात खोटं काही नाही. डॉक्टरांच्या पत्रातही नुसतं संधिवाताचं नाव पुरत नाही. आत्ताच्या घरात त्यामुळे काय जमत नाही, ते त्यांना लिहायला सांगा.

गरज पाहून कौन्सिल बँड, म्हणजे प्राधान्याचा गट, ठरवते. पुष्कळ ठिकाणी मग रिकाम्या फ्लॅटसाठी ‘बिडिंग’ करावं लागतं. त्यात पैशाचा संबंध नाही, फक्त पसंती कळवायची. अर्ज भरणं ज्यांना जड जातं त्यांना मोफत मदत मिळेल अशी सोय करणं कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक आहे. इंग्रजी अडत असेल तर तसं स्पष्ट सांगावं.

फ्लॅट पाहायला जाल तेव्हा लिफ्ट आहे का, बसथांबा किती दूर आहे आणि मॅनेजर रोज येतो का, हे विचारा. पूर्वी तिथेच राहणारे वॉर्डन असत. २००९मध्ये अशा मदतीचा निधी याच कामासाठी राखून ठेवण्याचं बंधन उठलं आणि त्यानंतर अनेक ठिकाणची ही पदं गेली.

पात्र नसल्याचं पत्र आलं, तर फेरतपासणी मागण्याचा हक्क १९९६च्या त्याच कायद्यात आहे. पत्रातली मुदत पाहा आणि मागणी लेखीच करा.

(पुढील लेखांकात : भाडं, सर्व्हिस चार्ज आणि हाउसिंग बेनिफिट)