गादीची भाषा आणि ग्राहकाचा विवेक

महाराष्ट्रातील घरांत पूर्वी गादी सहसा तयार विकत घेतली जात नसे; ती भरून घेतली जात असे. पिंजारी दारी येई, अंगणात कापूस पिंजी आणि घरच्या माणसांच्या देखत तो खोळीत भरून टाके घाली. कापूस नवा की जुना, त्यात कचरा किती, भरण पुरेसे आहे की नाही, हे सर्व डोळ्यांना दिसे व हाताला लागे. काही वर्षांनी गादी दडपली, आत गोळे झाले, म्हणजे तोच कापूस पुन्हा पिंजून घेता येई. या व्यवहारात शब्दांना फारसे काम नव्हते.

आजची गादी शिवलेल्या आवरणात बंद होऊन येते. आत काय आहे हे ग्राहकाला दिसत नाही. ते त्याला सांगितले जाते. जेथे हात परीक्षा करीत होता, तेथे आता शब्द उभा आहे. यास्तव गादीची निवड हा काही अंशी अर्थविचाराचाही प्रश्न ठरतो. दुकानात कानी पडणाऱ्या शब्दांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात : द्रव्यवाचक, मापवाचक आणि फलसूचक.

काथ्या, फोम, लॅटेक्स, स्प्रिंग हे शब्द द्रव्यवाचक होत. ते पडताळून पाहता येतात; परंतु ते दिसतात तितके एकार्थी नाहीत. ‘लॅटेक्स’ हा रबराच्या झाडाचा चीक असू शकतो, कारखान्यात रासायनिक रीतीने तयार केलेला पदार्थ असू शकतो, किंवा दोहोंचे मिश्रणही असू शकते. ‘मेमरी फोम’ १९६६ मध्ये अमेरिकेतील नासा संस्थेच्या एम्स केंद्रासाठी विमानांतील आसनांच्या संदर्भात विकसित झाला. उष्णता व भार यांनी तो दबतो आणि सावकाश पूर्ववत होतो. ‘स्मृती’ हे केवळ रूपक आहे. या नावाने विकल्या जाणाऱ्या गादीत बहुधा वरचा थर तेवढा मेमरी फोमचा असतो व खाली साधा फोम असतो. म्हणून द्रव्याचे नाव ऐकून न थांबता प्रत्येक थराची जाडी विचारणे इष्ट होय.

मापवाचक शब्दांत ‘घनता’ हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत गैरसमजाचा शब्द आहे. घनता म्हणजे कठीणपणा नव्हे. एका घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढेच ती सांगते. दाट फोम मऊ असू शकतो व विरळ फोम कडक. मात्र एकाच जातीचा दाट फोम सामान्यतः अधिक काळ टिकतो. या शब्दाची परीक्षा तराजूने करता येते. ६ फूट लांब, ३ फूट रुंद व ५ इंच जाड अशा एकजिनसी फोमचे घनफळ सुमारे ०.२१ घनमीटर भरते. घनता ४० असेल तर त्याचे वजन सुमारे ८.५ किलो आणि ३२ असेल तर सुमारे ६.८ किलो यावयास हवे. आवरणाचे वजन अर्थातच वेगळे धरावे.

खरी सावधगिरी हवी ती फलसूचक शब्दांविषयी. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द फ्रेंच वैद्य निकोला आंद्री याने १७४१ मध्ये ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून घडविला. मुलांच्या शरीरातील व्यंगे दूर करण्याची विद्या, असा त्याचा मूळ अभिप्राय. गादीवर छापलेला हा शब्द घनता, जाडी वा कठीणपणा यांपैकी काहीच सांगत नाही. तो वैद्यकाची प्रतिष्ठा तेवढी उसनी आणतो. त्यातून ‘जितकी कडक तितकी पाठीला हितकर’ हा समज बळावतो. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील प्रयोगात कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना ९० दिवस कडक किंवा मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. त्यांत मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. तथापि शरीराचे वजन व झोपण्याची सवय व्यक्तीगणिक भिन्न असल्यामुळे, नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटे पडून पाहणे हाच निवडीचा सरळ मार्ग होय. गादी दोघांसाठी असेल तर दोघांनीही पडून पाहावे.

शेवटी ‘हमी’ या शब्दाचाही अर्थ पाहावा. दहा वर्षांची हमी ही सामान्यतः दोषाविरुद्ध असते, गैरसोयीविरुद्ध नव्हे. गादी किती खचली म्हणजे दोष मानावयाचा, हे हमीपत्रात वाचावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. गादी निर्दोष असूनही मानवली नाही, तर मात्र आधी ठरलेल्या अटींचाच आधार उरतो. म्हणून थरांची जाडी, घनता व परतीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. पिंजाऱ्यासमोर बसून कापूस पाहणारी गृहिणी जे काम डोळ्यांनी करी, ते आता या चार ओळींनी करावयाचे आहे.