रोज डोकं दुखतं म्हणून रोज गोळी? दुखणं वाढवणारी तीच तर नाही?

गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात जा. शॅम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे पुडे, खर्र्याचं सामान आणि त्याच्याच शेजारी लटकलेली डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी. दोन-पाच रुपयांत काम होतं, दवाखान्यात जायची गरज नाही, मजुरी बुडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कित्येक बाया सकाळी निघतानाच एक गोळी सोबत घेतात, दुपारी डोकं चढणारच हे ठरलेलं असतं.

कधीतरी एखादी गोळी घेण्यात गैर काही नाही. अडचण होते ती 'कधीतरी'चं 'रोज' होतं तेव्हा. डोकेदुखीची गोळी वारंवार घेतल्याने डोकेदुखी कायमची मागे लागते, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. डॉक्टरांच्या पुस्तकात या दुखण्याला वेगळं नाव आहे, औषधाच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी. याचं गणितही ठरलेलं आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेली गोळी महिन्यातून 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की हा धोका सुरू होतो. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या या दुसऱ्या प्रकारातल्या, म्हणजे वेदनाशामक आणि कॅफिन एकत्र केलेल्या असतात. गोळी घेतल्यावर तरतरी वाटते ती या कॅफिनमुळे. चहातही तेच असतं.

घडतं ते असं. मेंदूला रोज त्या औषधाची सवय लागते. औषध उतरलं की डोकं दुखायला लागतं. माणसाला वाटतं, आपला जुना आजार उसळला. तो पुन्हा गोळी घेतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठतानाच डोकं जड. मग एकाच्या दोन गोळ्या, दोनाच्या तीन. ज्याला आधीपासून अर्धशिशी आहे त्याच्या बाबतीत हे जास्त होतं. गुडघेदुखीसाठी रोज गोळी घेणाऱ्या, पण डोकेदुखीचा त्रासच नसलेल्या माणसाला सहसा असं होत नाही.

दुखणं कोणतं, ते आधी ओळखा

बहुतेक लोकांची डोकेदुखी दोनच प्रकारांत बसते. पहिली ताणाची. डोक्याला घट्ट फडकं बांधल्यासारखं दोन्ही बाजूंनी आवळतं, मान-खांदे भरून येतात, पण उलटी होत नाही आणि माणूस काम रेटू शकतो. अपुरी झोप, दिवसभर वाकून निंदण, डोक्यावरचं ओझं, कर्जाची चिंता, रात्री उशिरापर्यंत मोबाईल, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. विश्रांती, मानेला शेक, पोटभर पाणी आणि क्वचित एखादी पॅरासिटामॉल, एवढ्यावर ती सुटते.

दुसरी अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दलच आहेत. डोकं ठणकतं, बहुधा एका बाजूने, पण दोन्ही बाजूंनीही ठणकू शकतं. मळमळतं, उलटी होते. उजेड आणि आवाज नकोसा होतो, चाललं-वाकलं की ठणका वाढतो, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. औषध घेतलं नाही तर मोठ्या माणसात हा झटका 4 तासांपासून 72 तासांपर्यंत चालतो. काहींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, तासाभरात त्या जातात. बायकांमध्ये अर्धशिशीचं प्रमाण पुरुषांच्या दोन-तीनपट आहे आणि पाळीच्या आसपास झटका येणं नेहमीचं आहे. घरात आईला असेल तर मुलीला असण्याची शक्यता वाढते.

अशी बाई दोन दिवस पडून राहिली की घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा. हे बोलणं बंद व्हायला हवं. अर्धशिशी हा मेंदूचा खरा आजार आहे, नखरा नाही.

'पित्ताने डोकं दुखतं' हे कितपत खरं?

'उलटी झाली, पित्त पडलं आणि डोकं उतरलं,' असं आपण सगळेच म्हणतो. उलटीनंतर बरं वाटतं हे खरं आहे. पण उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग असतो, डोकेदुखीचं कारण नव्हे. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, म्हणून मळमळतं. उपाशी राहिल्यानेही झटका येतो आणि उपाशी पोटी आंबट पाणी वर येतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात आणि दोष पित्तावर जातो. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊनही ज्यांचं डोकं थांबत नाही, त्यांनी अर्धशिशीची तपासणी करून घ्यावी.

श्रावण सोमवार, चतुर्थी, नवरात्र, या दिवसांत डोकं धरून बसणाऱ्या बायका प्रत्येक गावात असतात. अर्धशिशी असेल तर कडक उपवास टाळलेला बरा. करायचाच असेल तर वेळेवर फराळ आणि भरपूर पाणी घ्या, नुसत्या चहावर दिवस काढू नका. चहाचंही एक आहे. रोज सहा-सात कप पिणाऱ्याने एकदम बंद केला तरी डोकं दुखतं. कमी करायचा तर हळूहळू.

सायनसचंही असंच. सर्दी, ताप, नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड नसेल तर कपाळ दुखणं बहुतेक वेळा सायनसचं नसून अर्धशिशीचं निघतं. चष्म्याच्या नंबरामुळे डोळे थकतात, थोडं डोकंही दुखतं. नंबर तपासावा, पण उलट्या होईपर्यंत ठणकणाऱ्या डोक्याचं उत्तर चष्म्यात सापडत नाही.

राहिले गावठी उपाय. बाम चोळला, थंड पाण्याची पट्टी ठेवली, डोकं दाबून घेतलं, याने नुकसान नाही. पण कपाळावर बिब्ब्याचा डाग देणं किंवा तापलेल्या सळईने डागणं साफ बंद करा. त्याने कातडी जळते, जखम चिघळते आणि डोकेदुखी आहे तिथेच राहते.

शेतातून येणारी डोकेदुखी

उन्हाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो. उन्हात काम करताना अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे जातं, डोकं भणभणतं. इथे पहिलं औषध म्हणजे सावली आणि मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस. याच वेळी वेदनाशामक गोळी घेणं जास्त धोक्याचं आहे, कारण अंगात पाणी कमी असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीवर घाव घालतात. डायक्लोफिनॅक तर कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं. डोकं दुखून माणूस बरळायला लागला, अंग तापून भट्टीसारखं झालं, तर तो उष्माघात. अंगावर पाणी टाकत, वारा घालत लगेच दवाखाना गाठा.

फवारणीच्या दिवसांतली डोकेदुखी मात्र कधीच हलक्यात घेऊ नका. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे अजून कुणी विसरलेलं नाही. विषबाधेची सुरुवात बऱ्याचदा डोकेदुखीनेच होते. त्यासोबत मळमळ, अंधुक दिसणं, तोंडाला पाणी सुटणं, खूप घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, अंगावरचे स्नायू फडफडणं, छाती भरून येणं यातलं काही दिसलं तर पंप तिथेच खाली ठेवा. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. कोणतं औषध फवारलं हे कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. 'वासाने डोकं चढलं असेल' म्हणून गोळी घेऊन घरी झोपणं जिवावर बेतू शकतं.

हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर सकाळी घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखत असेल, तर तो कोळशाच्या धुरातला विषारी वायू आहे. त्याला वास नसतो. दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा.

बीपी वाढला की डोकं दुखतं ना?

बहुतेकदा नाही. बीपी चुपचाप वाढतो. तो 180/120 च्या वर गेला तर डोकं दुखू शकतं, पण 150-160 वर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. हा गैरसमज दोन्हीकडून महागात पडतो. कुणी डोकं दुखलं की शेजाऱ्याची बीपीची गोळी खातो, तर कुणी 'आता डोकं दुखत नाही' म्हणून स्वतःची चालू गोळी बंद करतो आणि काही महिन्यांनी लकवा होऊन पडतो. बीपी आहे की नाही हे यंत्र सांगतं. उपकेंद्रात तो फुकट मोजून मिळतो.

या वेळी गोळी नको, 108 ला फोन करा

एका क्षणात, वीज कोसळावी तशी आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी सुरू झाली तर मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो. तापासोबत मान ताठ झाली, माणूस गुंगीत गेला, तर मेंदूज्वराची शंका घ्या. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झटके येणं, एकाएकी दिसेनासं होणं, यात थांबायला वेळ नसतो. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं दोन-तीन आठवड्यांनी दुखायला लागलं, तो सुस्त झाला, तरी ते त्या माराचंच असू शकतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, किंवा आठवड्यागणिक वाढत जाणारी डोकेदुखी दाखवूनच घ्या.

गरोदर आणि बाळंतिणीबद्दल वेगळं सांगायला हवं. पाच महिन्यांनंतर गरोदर बाईचं डोकं सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहऱ्या-हातांवर सूज असेल किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल, तर त्याच दिवशी बीपी मोजा, आशाताईंना कळवा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका असतो. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. तसं करू नका. बाळंतपणानंतर रक्त आधीच लवकर गोठतं, त्यात पाणी कमी पडलं की डोक्यातल्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. त्याची पहिली खूण डोकेदुखीच असते.

रोजच्या गोळीतून बाहेर कसं पडायचं

आधी वहीत किंवा कॅलेंडरवर महिनाभर खूण करा. डोकं दुखलं त्या दिवशी गोल, गोळी घेतली त्या दिवशी फुली. झोप, जेवण, पाळी, ऊन याचीही एका शब्दात नोंद. महिनाअखेरीस दहापेक्षा जास्त फुल्या असतील तर उत्तर समोरच आहे.

हे कॅलेंडर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलताही येतं. साध्या गोळ्या सहसा एकदम बंद करतात. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या चालू असतील तर मात्र त्या मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशा कमी करा. गोळी बंद केल्यावर पहिले दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. बहुतेक लोक याच आठवड्यात हार मानून पुन्हा दुकानात जातात. शक्य असेल तर हा आठवडा वेचणी-पेरणीच्या धांदलीत धरू नका आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

महिन्यात चार किंवा जास्त वेळा अर्धशिशीने पडून राहावं लागत असेल तर डॉक्टर झटका टाळणारं औषध रोज द्यायचा विचार करतात. प्रोप्रानोलॉल, कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन ही त्यातली जुनी आणि स्वस्त औषधं. यांचा गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडू नका. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल चालत नाही, दमा असेल तर आधी सांगा. झटका आल्यावर घ्यायचं औषध मात्र डोकं दुखायला लागल्या-लागल्या, सांगितलेल्या मात्रेत घ्यायचं असतं. सहन होईना तोपर्यंत थांबून घेतलं तर ते नीट लागू पडत नाही.

दवाखान्यात गेल्यावर सलाईन लावा, सुई द्या, सिटी स्कॅन काढा असा आग्रह धरू नका. नेहमीच्या अर्धशिशीत स्कॅनमध्ये काही दिसत नाही आणि खिसा मात्र रिकामा होतो. आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं तेवढी पिशवीत टाकून न्या. नावं आठवत नसली तरी डॉक्टरांना पाकिटावरून कळतं. मुलांचं डोकं दुखलं तर मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका, ऍस्पिरिन तर अजिबात नको.