संभाषणातील पाळी आणि संवादसाधने

दोन माणसांचे बोलणे आळीपाळीने चालते, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तीमागील व्यवस्था सहसा ध्यानात येत नाही. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ व गेल जेफरसन यांनी १९७४ साली तिचे पद्धतशीर विवेचन केले. वक्त्याचे बोलणे कोठे संपणार याचा अंदाज श्रोता आधीच बांधीत असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तुलनेत असे आढळले की, होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नाचे उत्तर सरासरी सुमारे एक-पंचमांश सेकंदात सुरू होते.

वाचा बाधित झाल्यामुळे अक्षरफलक, चित्रफलक किंवा बोलके यंत्र वापरणाऱ्यांच्या संभाषणात मात्र ही व्यवस्था टिकत नाही. सामान्य इंग्रजी बोलण्याचा वेग मिनिटास दीडशे शब्दांच्या आसपास असतो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ साली गेली. प्रथम ते फलकावरील योग्य अक्षरापाशी भुवई उंचावून शब्द जुळवीत. पुढे संगणक मिळाल्यावरही त्यांचा वेग मिनिटास सुमारे १५ शब्दांपर्यंतच पोचला.

या विलंबाचा अर्थ बोलणारी व्यक्ती ‘उत्तर नाही’ असा लावते. मग ती प्रश्न बदलते, होय-नाहीपुरतेच विचारते किंवा सोबतच्या माणसाकडे वळते. परिणामी साधन वापरणारा प्रौढ केवळ उत्तरे देणारा उरतो. विषय काढणे, हरकत घेणे, थट्टा करणे हे त्याचे अधिकार नकळत हिरावले जातात.

अर्धा शब्द ओळखून पुरा करणे सर्वस्वी त्याज्य नव्हे; त्यामुळे श्रम वाचतात. परंतु तर्क हा प्रश्न म्हणून मांडला जावा आणि त्याचा स्वीकार वा अव्हेर करण्यास अवसर मिळावा. मराठीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. ‘मी उद्या दवाखान्यात जाणार’ येथवर जुळलेले वाक्य श्रोत्याने पुरे मानले, तर पुढचा ‘नाही’ उमटण्यापूर्वीच अर्थ उलटतो. आणि प्रश्न औषधोपचाराचा किंवा संमतीचा असेल, तर तो उलटलेला अर्थ त्या व्यक्तीच्या नावे नोंदला जातो.

भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने ‘संवाद’ या संज्ञेत वाणीपूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश केला आहे. तथापि कायद्याने मान्य केलेले साधन समोरचा माणूस थांबला तरच उपयोगी पडते. यंत्राचा वेग वाढविणे हे तंत्रज्ञांचे कार्य होय. वाक्य पुरे होईपर्यंत पाळी न घेणे हे श्रोत्याचे.