शंभर मिलिग्रॅम आणि तीन टन

एलएसडीची एक मात्रा साधारण १०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. एवढंसं काही चिमटीत धरता येत नाही. म्हणून त्याचं द्रावण टीपकागदात जिरवतात आणि त्या कागदाचे नखापेक्षाही लहान चौकोन कापून विकतात. असा एक चौकोन दहा-बारा मिलिग्रॅम भरतो. त्यात अमली पदार्थ जेमतेम शंभरावा हिस्सा, बाकी सगळा कागद.

या कागदाचं वजन माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं ठरवतं.

आपला अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीनं शिक्षेची सांगड वजनाशी घातली आणि प्रत्येक पदार्थासाठी दोन मर्यादा ठरल्या, अल्प आणि व्यापारी. अल्प प्रमाणाला आज वर्षभरापर्यंत कैद आहे. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाण ओलांडलं की किमान १०, कमाल २० वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. एलएसडीसाठी अल्प म्हणजे २ मिलिग्रॅम, व्यापारी म्हणजे १०० मिलिग्रॅम.

नुसता अमली पदार्थ मोजला, तर व्यापारी मर्यादा गाठायला एक हजार मात्रा लागतील. कागदासकट मोजलं, तर दहा चौकोन पुरतात. अल्प प्रमाणाचं तर त्याहून भयंकर. शुद्ध मोजणीत वीस मात्रा अल्पात बसतात. कागदासकट एकही बसत नाही, कारण एका चौकोनाचा कागदच मर्यादेच्या पाचपट भरतो. कॉलेजातल्या पोराच्या पाकिटात एकच चौकोन सापडला, तरी तो मधल्या प्रमाणात गेला.

मग मोजायचं काय? २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. पकडलेली हेरॉइनची पावडर ४ किलोहून जास्त होती, पण प्रयोगशाळेच्या अहवालात हेरॉइनचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास निघालं. न्यायालयानं साठेक ग्रॅमच हिशेबात धरलं. हेरॉइनची व्यापारी मर्यादा २५० ग्रॅम, म्हणून शिक्षा उतरली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं अधिसूचनेत एक टीप घातली: संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं २००८ चा निकाल चुकीचा ठरवला. गर्द कधीच शुद्ध विकलं जात नाही, भेसळ करूनच पुड्या वाढवल्या जातात आणि तीच भेसळ माणसं मारते, हा त्यामागचा विचार. त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही एलएसडीचा कागद वजनात धरला, कारण तो पदार्थासकट तोंडात जातो. पण पावडरीत भेसळ वाढवली की विकायच्या पुड्या वाढतात. जाड कागद वापरला म्हणून एकही मात्रा वाढत नाही. वाढते ती फक्त शिक्षा.

आता तराजूचं दुसरं पारडं पाहू. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात दोन कंटेनरमधून सुमारे २,९८८ किलो हेरॉइन पकडलं. कागदोपत्री ती अफगाणिस्तानातून आलेली टाल्कम दगडाची भुकटी होती. व्यापारी मर्यादेच्या जवळपास बारा हजार पट! फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईचे धागे कुरकुंभच्या एमआयडीसीपासून दिल्लीपर्यंत गेले आणि १,७०० किलोच्या वर एमडी (मेफेड्रोन) हाती लागलं. एमडीची व्यापारी मर्यादा ५० ग्रॅम, म्हणजे हे चौतीस हजार पट. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला तीच, १० ते २० वर्षं. दहा चौकोनवाला आणि तीन टनवाला एकाच कलमाच्या एकाच पायरीवर उभे. २४९ आणि २५१ ग्रॅममध्ये कायदा एवढी मोठी भिंत घालतो, पण २५१ ग्रॅम आणि तीन टनांत त्याला फरक दिसत नाही.

शिवाय शिक्षेआधीची शिक्षा आहेच. व्यापारी प्रमाण असलं की कलम ३७ लागतं: आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशाची खात्री पटली तरच जामीन. खुनाच्या आरोपीलाही कायद्यानं अशी अट घातलेली नाही. खटले इतके रेंगाळत होते, की १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं: किमान दहा वर्षांच्या गुन्ह्यातला कच्चा कैदी पाच वर्षं आत राहिला असेल, तर त्याला जामिनावर सोडा. पाच वर्षं, दोष सिद्ध न होता.

२०२२ मध्ये देशभरात या कायद्याखाली १,१५,२३६ गुन्हे नोंदले गेले. त्याआधी २०१९ मध्ये केंद्र सरकारनं एम्सच्या तज्ज्ञांकडून केलेलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं होतं. अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेले लोक त्यात निघाले ७७ लाख. बेकायदा नशेच्या आहारी गेलेल्यांपैकी दाखल होऊन उपचार मिळाले होते ते २० तल्या एकाला. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं कलम ६४अ याच कायद्यात आहे. पोलीस ठाण्यात आणलेल्या प्रत्येक व्यसनी मुलाच्या आईबापांना ते पहिल्याच रात्री समजावून सांगितलं पाहिजे.

तीन टनांसाठी वरची वेगळी पायरी बांधायची, तर संसदेला कायदा बदलावा लागेल. वजनाच्या मर्यादा मात्र केंद्र सरकार अधिसूचनेनं ठरवतं. एलएसडीची मर्यादा कागद धरून नव्यानं आखायला संसदेचं अधिवेशन लागत नाही, राजपत्रातली एक ओळ पुरते. २००९ ची टीपही अशीच आली होती.