शेप्याच्या फळ्या

भाऊबीजेला आमच्या घरी मांडला जाणारा पाट शेप्याचा आहे. शेप्या म्हणजे परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या आमच्या शेतातला गावरान आंबा. रसाला बडीशेपेचा वास यायचा म्हणून ते नाव. त्याच्या शेजारी खोबऱ्या आणि शेंदऱ्या. एका वळवाच्या वादळात शेप्या मुळासकट आडवा झाला. अर्ध्या खोडाचा लगेच दिवाण करून घेतला, उरलेल्याच्या फळ्या दीड वर्ष गोठ्यात पडून राहिल्या. दिवाण दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकला आणि पुढं त्याच्या पायांपाशी पिठासारखी भुकटी सांडू लागली. फळ्यांचे पाट आणि टेबल झाले, ते आजही ठणठणीत आहेत. झाड तेच, सुतारही तोच. म्हणून आंब्याच्या लाकडाला कुणी सरसकट 'जळाऊ' म्हटलं की मला ते पटत नाही.

वाळलेलं आंब्याचं लाकूड घनमीटरला साधारण 650 ते 700 किलो भरतं, म्हणजे वजनाला ते सागाच्या आसपासच. रंधा मारला की मधासारखा पिवळसर तपकिरी रंग उघडतो आणि त्यात कुठं कुठं करड्या-काळ्या रेषा असतात. त्या बुरशीच्या असतात. नख रुतत नसेल, लाकूड टणक असेल, तर त्यांना घाबरू नये. जोधपूरहून परदेशी जाणाऱ्या आंब्याच्या फर्निचरमध्ये तर याच रेषांचं कौतुक होतं. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. सागात मुळातच तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळं वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आंब्याला असं संरक्षण नाही. उलट त्यात पिष्ट भरपूर, आणि पिष्ट हे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांचं अन्न.

जुनी माणसं ओंडके महिनोन्महिने पाण्यात मुरत टाकत, त्यामागं हेच कारण होतं. पाण्यात पिष्ट विरघळून, कुजून कमी होतं. आता ओल्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवतात. लाकूड ओलं असतानाच ते आतपर्यंत झिरपतं. मग फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचायच्या आणि टोकांना रंग फासायचा. टोकांतून ओल झपाट्यानं उडते, आणि भेग तिथूनच सुरू होते. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा ठोकताळा धरावा. कापतानाचा भुसा अंगाला लागू देऊ नये. आंबा, काजू आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. काहींच्या कातडीला भुशानंही खाज सुटते.

परभणीत हे वाळवणं जास्तच महत्त्वाचं आहे. मे महिन्यात इथं पारा 44 अंशांपुढं जातो, हवा कोरडीठक्क होते. श्रावणात तीच हवा ओलीचिंब. लाकूड या ओलीबरोबर रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून टेबलाची वरची फळी चौकटीला खिळ्यांनी करकचून ठोकू नये, स्क्रूसाठी लांबट खाच ठेवायला सुताराला सांगावं. कूलरचा झोत तर लाकडी सामानावर कधीच नको. एक बाजू भिजते, दुसरी तापते आणि फळी पिळवटते. फरशी धुताना पाणी पायांच्या तळातून वर चढतं, तेव्हा पायांना रबरी बूट घालावेत.

लाकडाला लावायच्या तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते आपल्याच मातीतलं आहे. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन लाकडात घट्ट होतं. करडईचंही होतं, पण सावकाश. 'परभणी कुसुम' हे करडईचं वाण, 1972 साली इथं स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचं. शेंगदाण्याचं तेल मात्र वाळत नाही, ते चिकट राहून धूळ धरतं. जवसाचा पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी जादाचं तेल पुसून घ्यावं, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा एक हात. तेलकट फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

गावरान आंबे कमी होत चाललेत, याचं मला दुःख आहे. फळ्या निघाव्यात असं खोड त्यांचंच. दाट लावलेली केशरची कलमं छाटून बुटकी ठेवतात. झाड तोडायचंच झालं तर 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात आंबा अनुसूचित वृक्ष आहे, परवानगी घ्यावी लागते.

या दिवाळीच्या सफाईत आंब्याचं टेबल एकदा उलटं करून बघा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं आणि खाली ताजी पांढरट भुकटी दिसली, तर भुंगे अजून आत आहेत. भुकटी झाडून तारीख लिहून ठेवा, छिद्रांत कीटकनाशक सोडून ती मेणानं बुजवा, आणि संक्रांतीला पुन्हा बघा.